व्हर्जिनिया टेकची आपत्कालीन यंत्रणा: पोलीस वेळेवर, इशारा उशिरा

परदेशी विद्यापीठ निवडताना आपल्याकडचे पालक शुल्क, शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांची बारकाईने चौकशी करतात. आवारात गोळीबार झाला तर मुलांना इशारा कोण देणार, आणि तो देण्याआधी त्याला कुणाची परवानगी घ्यावी लागते, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. अमेरिकेतील ब्लॅक्सबर्ग येथील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाची सेवा या एकाच प्रश्नावर तपासून पाहावी, असे मला वाटले. 16 एप्रिल 2007 रोजी तिथे 32 जणांचा बळी गेला. त्यांत मुंबईहून शिकायला आलेली एक विद्यार्थिनी होती आणि जलविज्ञानाचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन हेही होते. व्हर्जिनिया राज्याचे तत्कालीन गव्हर्नर टिम केन यांनी नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला, आणि हे परीक्षण मुख्यतः त्यातील नोंदींच्या आधारे केले आहे.

सकाळी सव्वासातच्या सुमारास वेस्ट अँब्लर जॉन्स्टन या वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पोलीस काही मिनिटांत तिथे पोहोचले. मात्र प्रकरण खासगी भांडणाचे असावे आणि मारेकरी आवार सोडून गेला असावा, हा तर्क त्यांनी फार लवकर पक्का केला आणि तपास वसतिगृहात गोळी लागलेल्या विद्यार्थिनीच्या मित्राच्या दिशेने वळवला. संशय घेणे चूक नव्हते, परंतु तो खोटा ठरला तर काय, याची तजवीज कुणीही केली नाही. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स स्टेगर यांच्या नेतृत्वाखालील, आणीबाणीत निर्णय घेणाऱ्या धोरण गटाची बैठक 8 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास बसली आणि पहिला ई-मेल निघाला तो 9 वाजून 26 मिनिटांनी. मधला एक तास शब्द जुळवण्यात, पुष्टी मिळवण्यात आणि घबराट पसरेल की काय या काळजीत गेला. पोलिसप्रमुख या गटाचे सदस्य नव्हते. इशारा द्यावा अशी विनंती पोलीस करू शकत होते, पण संदेश प्रत्यक्ष पाठवण्याची सोय जनसंपर्क विभागातील मोजक्या अधिकाऱ्यांच्याच हाती होती. या संपूर्ण सेवेतील सर्वांत मोठा दोष मी हाच मानतो, कारण धोका ज्याला आधी दिसतो त्याच्याच हातात घंटेची दोरी नव्हती.

त्या ई-मेलचा मजकूरही पाहण्यासारखा आहे. वसतिगृहात गोळीबाराची घटना घडली असून पोलीस तपास करत आहेत, सावध राहावे आणि संशयास्पद काही दिसल्यास कळवावे, एवढाच त्याचा आशय होता. खून झाले आहेत आणि मारेकरी सापडलेला नाही, हे त्यात कुठेच नव्हते. शिवाय 9 वाजून 5 मिनिटांच्या तासिकेला बसलेल्यांनी तो वाचावा तरी कधी? साधारण पाव तासातच नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत त्याच मारेकऱ्याचा गोळीबार सुरू झाला.

पोलिसांच्या प्रत्यक्ष कारवाईबद्दल मात्र मी हात न आखडता गुण देईन. पहिला फोन आल्यापासून तीन मिनिटांच्या आत ते नॉरिस हॉलपाशी होते. मारेकऱ्याने मुख्य दारे आतून साखळ्यांनी बांधून ठेवली होती, त्यामुळे एका दाराचे कुलूप बंदुकीने उडवून त्यांना आत शिरावे लागले. ते दुसऱ्या मजल्याकडे निघाले तेव्हा मारेकऱ्याने स्वतःवर गोळी झाडली. विद्यापीठाचे आणि गावाचे पोलीस एकत्र सराव करत आले होते, सकाळच्या घटनेमुळे ते आधीच जमलेले होते, आणि आत शिरण्यासाठी त्यांना कुठल्याही बैठकीची वाट पाहायची नव्हती.

आपत्कालीन वैद्यकीय सेवाही वाखाणण्याजोगी होती. विद्यार्थी स्वयंसेवकच चालवत असलेले विद्यापीठाचे बचाव पथक तिथे 1969 पासून आहे. पोलिसांच्या तुकड्यांबरोबर दोन वैद्यकीय कर्मचारी इमारतीत गेले आणि कुणाला आधी हलवायचे हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. जोरदार वाऱ्यामुळे हेलिकॉप्टर उडू शकत नव्हती, म्हणून सगळी भिस्त रस्त्यावरच्या रुग्णवाहिकांवर होती.

याच्या अगदी उलट अनुभव कुटुंबीयांना आला. त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या अतिथिगृहात उघडलेल्या मदत केंद्रात एक जबाबदार प्रमुख नव्हता, आणि माहिती कुणी द्यायची हेच ठरलेले नसल्यामुळे माणसे ताटकळत राहिली. नेतृत्वाचा कस लागतो तो खरा इथे, आणि इथे ते कमी पडले.

आवार सुमारे 2,600 एकरांचे आहे. शंभराहून अधिक इमारती एकाएकी बंद करणे शक्य नव्हते, हे समितीनेही मान्य केले आहे, आणि विद्यापीठाच्या बाजूने हे सांगणे न्याय्य ठरेल. पण इशारा देणे आणि आवार बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नॉरिस हॉलच्या 205 क्रमांकाच्या वर्गातील मुलांनी बाहेरचे आवाज ऐकून मोठे टेबल दाराला लावले आणि ते अंगाच्या जोराने दाबून धरले. मारेकऱ्याने दारातून गोळ्या झाडल्या, पण त्याला आत येता आले नाही आणि त्या वर्गात कुणालाही इजा झाली नाही. वर्गांच्या दारांना आतून कुलूप नव्हते. त्या मुलांना काही क्षणांची सूचना मिळाली होती, तीही केवळ कानांनी.

वेळेत सूचना न दिल्याबद्दल संघीय शिक्षण विभागाने 2011 मध्ये विद्यापीठाला 55,000 डॉलरचा दंड ठोठावला. अपिलांनंतर तो कमी झाला. तोवर ई-मेल, मोबाइल आणि वर्गांतले फलक यांवर एकाच वेळी संदेश देणारी नवी यंत्रणा उभी राहिली होती. ऑगस्ट 2011 मध्ये तीन मुलींनी आवारात बंदुकीसारखी वस्तू घेतलेला माणूस पाहिल्याचे सांगितले, तेव्हा लगेच इशारा निघाला आणि लोक काही तास दारे लावून बसले. शोधात बंदूकधारी सापडला नाही. काहींना तो खोळंबा जाचक वाटला असेल. मी त्याबद्दल एकही गुण कापणार नाही.