बार्कली की ऊडनाडाटा? स्टेशनवर कामाला जाण्याआधी

ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ पासून भारतीयांना मिळू लागला. वर्षाला १००० जागा, त्याही सोडतीने. नाव निघालेल्यांपैकी काहींना गुरांच्या स्टेशनवर, म्हणजे तिथल्या प्रचंड गुरेपालन फार्मवर, कामाला जायचं असतं आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: उत्तरेला जाऊ की दक्षिणेला? मी दोन्हीकडे एकेक हंगाम काढला. आधी दक्षिण ऑस्ट्रेलियात ऊडनाडाटा ट्रॅकच्या बाजूला, मग नॉर्दर्न टेरिटरीतल्या बार्कली पठारावर.

आकार बघून ठरवू नका. बार्कलीवरचं अ‍ॅलेक्झांड्रिया हे स्टेशन एकटंच सुमारे १६,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे अख्खा पुणे जिल्हा. दक्षिणेतलीही कमी नाहीत. तुमचा दिवस कसा जाणार हे ठरतं पायाखालच्या जमिनीवर.

दक्षिणेत ती जमीन म्हणजे गिबर, तांबड्या-तपकिरी दगडगोट्यांचा क्षितिजापर्यंत पसरलेला थर. माझ्याकडे बोअर रन होता. गाडी काढायची, एकेका बोअरवर जाऊन टाकी, पाइप, हौद बघायचे, की पुढे. एका फेरीला दोनशे किलोमीटर सहज. काम मला आवडायचं. जीव काढला तो टायरांनी. गिबर लांबून गुळगुळीत दिसतो, पण फुटलेल्या गोट्याची धार टायरला बाजूने चिरते आणि तिथे पंक्चर काढून भागत नाही. एकदा सकाळपासून दुसरी स्टेपनी लावायची वेळ आली. जॅक दगडांवरून सरकत होता, पाना उन्हात इतका तापला होता की शर्ट गुंडाळून धरावा लागला, आणि दोन्ही हात अडकल्यावर डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या माश्या हाकलणार कोण? पुढचे साठ किलोमीटर मी रस्ता बघितलाच नाही, फक्त गोटे बघितले. त्यानंतर रोज निघतानाच पोटात गोळा यायचा.

बार्कलीवर उतरलो आणि पहिल्यांदा माती हातात घेतली. काळी, भेगाळलेली, आमच्या कृष्णाकाठच्या रानासारखी. तिच्यावर मिचेल गवत, आणि मैलोन्मैल दगड नाही. पाऊस पडला की हीच माती गाडी गिळते, हे खरं. पण काळ्या रानात वाढलेल्याला वाफसा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. ऑक्टोबरात एक वळीव झाला तेव्हा दोन दिवस गाडी बाहेर काढू नये असं मी सांगितलं. एकाने काढलीच. ती ओढून आणायला ट्रॅक्टर न्यावा लागला.

उत्तरेत आणखी एक गोष्ट मला जवळची वाटली. तिथल्या कळपांत ब्राह्मन जातीचं रक्त बरंच आहे. ही जात अमेरिकेत भारतीय गुरांपासून तयार झाली, तिच्यात गीर आणि नेल्लोरबरोबर थोडा वाटा आपल्या कृष्णा खोऱ्यातल्या जनावरांचाही, आणि १९३३ मध्ये ती ऑस्ट्रेलियात आली. हेलिकॉप्टरने हाकललेला कळप धुळीतून यार्डाकडे येताना आधी वशिंडं दिसतात. त्या क्षणी घरापासून इतक्या लांब आल्यासारखं वाटत नाही.

दक्षिणेच्या बाजूने बोलायचं तर माणसं कमी, त्यामुळे वेल्डिंगपासून पंपापर्यंत सगळं हाताखालून जातं. काम जवळजवळ बारा महिने असतं, तर बार्कलीवर पावसाळा लागला की बहुतेकांना सुट्टी देतात. सलग वर्षभर पगार हवा असेल तर हा मुद्दा मोठा आहे. जेवणात दोन्हीकडे गोमांस रोजचंच, खात नसाल तर आधी फोनवरच सांगा. मोठ्या कॅम्पमध्ये आचारी असतो, तो सोय करतो. छोट्या घरात सगळ्यांचं एकच भांडं, तिथे आपल्यालाच संकोच होतो.

मला विचाराल तर बार्कली, आणि एप्रिलच्या आसपास पोहोचा म्हणजे पहिल्या मस्टरिंगला, गुरं गोळा करून यार्डात आणण्याच्या कामाला, सापडाल. तरीही दक्षिणेकडे मन ओढत असेल, तर पगाराच्या आधी एक विचारून घ्या: बोअर रनला स्टेपन्या किती देता?