आपलंच शहर पाहायचंय: पायी की सिटी बसने?

सुट्टीचा एकच दिवस हाताशी आहे आणि आपलंच शहर पाहुण्यासारखं बघायचंय. मग पायी फिरावं की बसने?

खर्चात फारसा फरक नाही. बसचा दिवसभराचा पास मिळत असेल तर तोच घ्या.

खरा फरक आवाक्याचा. एरवी आपण तासाला 4-5 किलोमीटर चालतो, पण थांबत, बघत गेलं की जेमतेम 2. म्हणजे तीन तासांत एखादी जुनी वस्ती नीट होते, अख्खं शहर नाही. मात्र चौकटीवरची झिजलेली नक्षी, विटांनी बुजवलेली खिडकी, बांधकामाचं साल कोरलेला दगड हे पायीच दिसतं. गोची एकच: पाय आपसूक सवयीच्या रस्त्याला वळतात. म्हणून 5-6 अनोळखी ठिकाणं नकाशावर आधीच खुणावून ठेवा.

बसने शहराचा पसारा कळतो. पहिल्या थांब्यावर चढा, खिडकी पकडा, शेवटच्या थांब्यापर्यंत उतरू नका. ऑफिसची वेळ टाळा, नाहीतर शेजारच्याची बॅगच बघत बसाल. सकाळी उत्तरेकडे जात असाल तर डावीकडे बसा; उजवीकडे ऊन डोळ्यांवर येतं. परतीची शेवटची बस कंडक्टरला विचारून घ्या.

गुडघे कुरकुरत असतील किंवा उपनगरं कधी पाहिलीच नसतील, तर बस. रोज बसनेच जाणाऱ्यांनी मात्र पायीच निघावं.