धूरबंदी: कॅलिफोर्निया की केंटकी?
कामाच्या जागी धूरबंदी असली की सिगारेट ओढणाऱ्यांचंही भलंच होतं, असं माझं ठाम मत आहे. कॅलिफोर्नियाने १९९५ मध्येच बहुतेक बंदिस्त कामाच्या जागांवर राज्यभर बंदी घातली. १९९८ पासून बारमध्येही. तलफ आली की तिथल्या बारटेंडरला बाहेर जावं लागतं. गर्दीच्या वेळी ते जमत नाही, मग एखादी सिगारेट आपोआप टळते.

केंटकी तंबाखू पिकवणारं राज्य. तिथे खासगी कामाच्या जागांसाठी राज्यव्यापी बंदीच नाही. लेक्सिंग्टन शहराने २००४ मध्ये स्वतःची आणली, इतर काही गावांनीही आणली. पण जिथे स्थानिक बंदी नाही तिथे सगळं मालकाच्या मर्जीवर. शेजारच्या टेबलावर ॲशट्रे भरलेला असेल, तर सोडू पाहणाऱ्याने तग धरायचा कसा? त्याला मी कॅलिफोर्नियातलीच नोकरी धरायला सांगेन.