निधी ‘वळवला’ की ‘वर्ग केला’?

दोन्हींत पैसा इकडून तिकडे जातो, म्हणून बातम्यांत ही क्रियापदं सर्रास एकमेकांच्या जागी येतात. मला ते खटकतं.

‘वळवणे’ हा शब्द शेतातला. दारं धरणारा, म्हणजे पिकाला पाणी देणारा माणूस पुढच्या वाफ्याचं दार खोऱ्यानं फोडतो, तोच चिखल मागच्या दारात ओढून ते बुजवतो आणि पाणी वळतं. म्हणजे एक वाफा भिजतो तेव्हा दुसऱ्याचं पाणी तुटलेलं असतं. कोयनेचं पाणीही असंच वळवलेलं आहे: नदी पूर्वेकडे कृष्णेला मिळणारी, पण वीजनिर्मितीसाठी तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे कोकणात उतरवलं. त्यामुळे ‘वसतिगृहांचा निधी रस्त्यांकडे वळवला’ म्हटलं की मूळ हेतू मागे पडला, कुणाचा तरी वाफा कोरडा राहिला, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

‘वर्ग करणे’ हा कचेरीतला शब्द. ‘अनुदान खात्यावर वर्ग केलं’ यात रक्कम जिथं जायची तिथंच गेली. तपास दुसऱ्या ठाण्याकडे वर्ग होतो, तोही तसाच.

(ऊसबिलातून गावची पतपुरवठा सोसायटी कर्ज ‘वळतं करून घेते’, ते वेगळं, तिथं थेट कपात असते.)

म्हणून हेतू बदललेला असताना ‘निधी वर्ग केला’ असं छापू नये. त्या शब्दानं कोरडा वाफा झाकला जातो. तिथं ‘वळवला’ असंच लिहावं, आणि कुठून वळवला तेही.