आईसाठी पँटसारखे ॲडल्ट डायपर

आई काठी टेकत चालते, म्हणून बाजूला चिकटपट्टी लावायचे, टेपचे सोडून पँटसारखे डायपर घेतले. सकाळी ती पलंगाच्या कडेला बसून स्वतःच चढवते. मी फक्त पाय अडकवून देते. तिला हेच हवं होतं! काढताना दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडायच्या, म्हणजे ओलं डायपर पायांवरून ओढावं लागत नाही. माप घेताना मोजपट्टीने कंबर मोजा. सैल राहिलं तर मांड्यांच्या कडेने गळतं. रात्रभर मात्र हे पुरत नाही, खाली अंडरपॅड, म्हणजे गादीवर अंथरायचा शोषक पॅड, हवाच. बदलताना अंग कोमट पाण्याने पुसून नीट कोरडं करते, मग झिंक ऑक्साइडचं मलम पातळसं. महाग आहेत, पण आई पुन्हा सकाळची देवळात जायला लागली, त्यामुळे मी हेच घेणार.