जुन्या फ्रेंच चादरी आणि तोर्शाँ: नऊ महिने रोज वापरल्यावर

आम्ही तीन वर्षं उत्तर फ्रान्समधल्या लिल शहरात राहतोय. सप्टेंबरच्या पहिल्या वीकेंडला इथे ब्रादरी असते, शहरभर रस्त्यांवर जुन्या सामानाचा बाजार, तिथून गेल्या वर्षी मी दोन चादरी, सहा तोर्शाँ म्हणजे भांडी पुसायची फडकी, आणि चार मोठे नॅपकिन घेऊन आले. आता जून लागलाय. यातलं काहीही कपाटात जपून ठेवलेलं नाही, सगळं रोज वापरलंय, म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी मोठी चादर. घरी आणून काट्यावर ठेवली तर जवळजवळ दोन किलो भरली, तीही कोरडी. मधोमध उभी शिवण आहे, कारण माग अरुंद असायचे म्हणून दोन पट्ट्या जोडून चादर व्हायची, पण शिवण इतकी बारीक की हात फिरवल्याशिवाय कळत नाही. मधला भाग विरला की तीच शिवण उसवायची, कडेचे धड भाग मध्ये घ्यायचे आणि परत शिवायचं, म्हणजे चादर अजून कित्येक वर्षं चालते. आणि एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने, फुलीच्या टाक्यात, दोन अक्षरं आणि खाली ७. ते बघूनच मी घासाघीस न करता घेतली खरं सांगायचं तर.

तो ७ का, ते खालच्या मजल्यावरच्या आजींनी सांगितलं. मुली लहानपणापासून लग्नासाठी त्रूसो, म्हणजे सासरी न्यायचे कपडे-चादरी, तयार करायच्या आणि त्यात चादरी डझनांनी असायच्या, कारण खेड्यात मोठं धुणं वर्षातून दोन-तीनदाच निघायचं. लाकडी पिंपात कपडे रचायचे, वर जाड कापड, त्यावर लाकडाची राख, आणि वरून गरम पाणी ओतत राहायचं, खालून निघालेलं पाणी तापवून परत वर, असं तासन्‌तास. मग नदीवर नेऊन बडवायचं, खळबळून काढायचं आणि गवतावर उन्हात पसरायचं. अनेक घरांचं धुणं एका जागी, म्हणून अक्षरं, आणि आपल्या किती गेल्या किती आल्या ते मोजायला आकडा. आपल्याकडे परीट बिब्ब्याने खूण करायचा ना, अगदी तेच काम. इथे ते मुलगी स्वतःच्या हाताने टाके घालून करायची. आणि दोरा लाल, कारण तो पक्का लाल रंग राखेच्या पाण्यातही उतरत नाही. माझ्या चादरीवर अजून कुंकवासारखा लाल आहे.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली अगं हे तर रुखवतच. खरंय. पण तिच्या रुखवतातला भरलेला टेबलक्लॉथ चाळीस वर्षं ट्रंकेत आहे, आणि ही चादर अंगाखाली घ्यायलाच केलेली आहे, मला त्याचंच फार कौतुक वाटतं.

कापडाबद्दल. मोठी चादर लिननची, आणि लिनन म्हणजे जवसाच्या काडीतला धागा. आपण चटणी करतो तेच जवस, फक्त धाग्याची जात मीटरभर उंच, सरळ वाढते. माझं माहेर यवतमाळचं, तिथे जवसाला हिवाळ्यात फुलं येतात, इथे जूनमध्ये. परवा सकाळी ट्रेनने डंकर्कला जाताना शेतं निळी दिसली आणि दुपारी येताना सगळ्या पाकळ्या गळलेल्या. हा धागा मशीनवर कातणं इतकं अवघड होतं की नेपोलियनने १८१० मध्ये त्यासाठी १० लाख फ्रँकचं बक्षीस लावलं, फिलिप द जिरार या फ्रेंच संशोधकाने मशीन केलंही, पण बक्षीस त्याला मिळालं नाही.

दुसरी चादर मला शुद्ध लिनन म्हणून विकली आणि ती निघाली मेतीस, म्हणजे उभा धागा सुती, आडवा लिननचा. कडेचे दोन धागे काढून तोडून बघितले तेव्हा कळलं, सुती पटकन तुटतो आणि टोकाला केसाळ होतो, लिननचा तुटायला जोर लागतो. वाईट वाटलं तेव्हा. पण आज कुणी विचारलं तर मी पहिली खरेदी म्हणून मेतीसच सांगेन, हलकी, इस्त्रीला सोपी, आणि पहिल्या दिवसापासून मऊ. सात नंबरची बहुतेक फारशी वापरलेलीच नव्हती, घड्यांवर पिवळे पट्टे आणि स्पर्श गोणपाटासारखा. पट्टे परकार्बोनेट, म्हणजे ऑक्सिजनवाली ब्लीच पावडर, घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर भिजवून, असं दोनदा केल्यावर गेले. मऊ व्हायला मात्र डिसेंबर उजाडला, आणि आता मेच्या उकाड्यात तिच्यावर जी गार झोप लागली तशी दुसऱ्या कुठल्याच चादरीवर लागत नाही.

क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको. एका तोर्शाँवर हळदीचा डाग होता म्हणून मी थेट ओतलं, डाग गेला, पण तीन धुण्यांनंतर बरोबर तिथेच कापड फाटलं. रफू केलंय, तरी मनाला लागलंच. थंडीत वाळायला दोन-दोन दिवस लागतात हेही सांगते, आणि इस्त्री दमट असतानाच करायची, पूर्ण वाळली की सुरकुत्या हलत नाहीत.

नॅपकिन जवळपास सत्तर सेंटिमीटरचे चौकोनी, जेवताना कोण एवढे घेणार, पण चार घड्या करून पोळ्यांच्या डब्यात घालते. वाफ शोषून घेतो, तळाची पोळी ओली होत नाही. तोर्शाँने काचेचे ग्लास पुसले तर एक तंतू राहत नाही. येत्या ब्रादरीत अजून चार घेणार आहे, लाल पट्टीवाले, टांगायची नाडी शाबूत आहे का ते बघून.