हार्डनरवाला क्लिअर स्प्रे: चाकांवर टिकतो, पण अटी घालतो

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या रंगाच्या दुकानात गाडीच्या चाकांसाठी स्प्रे मागितला की दुकानदार बहुधा रुपेरी रंगाचा साधा डबा पुढे करतो, आणि गिऱ्हाईक जरा चोखंदळ दिसले तर ‘सहाशे डिग्रीवाला’ म्हणून उष्णतारोधक रंगाचा. तिसरा एक डबा असतो, ज्याच्या आत हार्डनरची, म्हणजे थर कडक करणाऱ्या रसायनाची, वेगळी कुपी बसवलेली असते आणि ज्याला रंगारी ‘टू-के क्लिअर’ म्हणतात, म्हणजे रंगावर मारायचा दोन घटकांचा पारदर्शक थर. तो मात्र मागितल्याशिवाय सहसा दाखवला जात नाही, कारण त्याची किंमत साध्या डब्याहून बरीच जास्त असते. हे परीक्षण त्या तिसऱ्या डब्याचे आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे सांगितलेले गुणदोष त्या प्रकाराचे आहेत, एखाद्या विशिष्ट छापाचे नाहीत.

साधा स्प्रे सुकतो म्हणजे त्यातले थिनर उडून जाते आणि रंगाचा थर मागे राहतो. तो थर वाळला तरी विरघळण्याचा त्याचा गुण जात नाही, म्हणूनच महिन्याभराने त्यावर थिनरचा बोळा फिरवला तरी तो निघतो. हार्डनरवाल्या क्लिअरमध्ये दोन रसायनांची एकमेकांशी प्रक्रिया होऊन जाळीसारखी घट्ट रचना तयार होते आणि ती पूर्ण झाल्यावर पेट्रोल, ब्रेक ऑइल किंवा गाडी धुणाऱ्याचा तिखट साबण यांना बराच काळ दाद देत नाही. दाराला किंवा बंपरला हा फरक एक वेळ दुर्लक्षून चालेल. चाकाला चालत नाही. ब्रेक लागताना डिस्क आणि पॅड झिजून निघणारे लोखंडाचे तप्त कण चाकावर येऊन बसतात, दमट हवेत तिथेच गंजतात आणि मऊ थरात रुततात. शिवाय आग्रा रोडवर ट्रकच्या मागून जाताना जे खडे उडतात, त्यांचा पहिला मार चाकालाच बसतो. टिकाऊपणाचा विचार करता या कामात जास्तीचे पैसे खर्च करण्यासारखी जागा क्लिअर हीच आहे. खालचा रुपेरी रंग साधा असला तरी काही बिघडत नाही.

सहाशे डिग्रीवाल्या डब्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे, कारण लोक तो भरवशाने नेतात. हे रंग सायलन्सरसाठी आणि इंजिनाच्या भागांसाठी असतात. त्यातले सिलिकोन रेझिन पक्के होण्यासाठी मारल्यानंतर ते चांगले तापवावे लागते, बहुतेक डब्यांवर तशी सूचनाही असते. सायलन्सर ते काम स्वतःच करतो. रोजच्या वापरात चाकाची रिम तेवढी तापतच नाही, त्यामुळे रंग अर्धवट पक्का राहतो आणि नखानेही ओरखडतो. ब्रेकची उष्णता म्हणून चाकाला हा रंग सुचवणे हे ऐकायला पटणारे, पण चुकीचे तर्कट आहे.

क्लिअर कितीही चांगले असले तरी ते खालच्या थराला धरून राहते, आणि खालचा थर धातूला. पोपडे निघाल्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तयारीत असते. चाक साबणाने धुऊन, डांबराचे ठिपके काढून आणि वंगणाचा अंश डीग्रीझरने पुसूनच घासायला घ्यावे, कारण तेल असताना पॉलिश पेपर फिरवला तर ते तेल धातूच्या ओरखड्यांत आणखी खोल जाते. लोखंडी रिमवरचा गंज ८० किंवा १२० नंबरच्या पेपरने उघड्या धातूपर्यंत काढावा, मग २२० आणि ४०० नंबरने ते खडबडीत ओरखडे बुजवावेत. शेवटचा हात ओल्या वॉटर पेपरने दिला तर धूळही उडत नाही. जिथे कंपनीचा मूळ रंग शाबूत आहे तिथे तो खरवडून काढण्याचे कारण नाही. फक्त त्याची चमक मारावी आणि उघडा धातू व जुना रंग यांच्यामधली पायरी बोटाला जाणवणार नाही इतकी उतरती करावी. ग्वाल्हेरच्या बऱ्याच भागांत बोअरिंगचे पाणी जड आहे. त्या पाण्याचे थेंब चाकावरच सुकू दिले तर क्षारांचे पांढरे वर्तुळ राहते आणि ते रंगाखाली तसेच अडकते, म्हणून धुतल्यावर लगेच कोरडे पुसून घेणे आवश्यक आहे.

अलॉय व्हीलचे प्रकरण वेगळे आहे. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा पातळ पापुद्रा लगेच धरतो आणि साधा प्रायमर त्यावर नीट बसत नाही; तिथे एच प्रायमर (आम्लाने धातू किंचित कोरून धरणारा) किंवा इपॉक्सी प्रायमरच लागतो. हा खर्च वाचवला तर क्लिअरखालून पांढरट, वळवळणाऱ्या किड्यासारख्या रेषा पसरू लागतात, आणि एकदा त्या दिसू लागल्या की चाक पुन्हा धातूपर्यंत घासण्यावाचून इलाज नसतो. ज्या अलॉयचा दर्शनी भाग यंत्रावर कातून चकचकीत केलेला असतो, ज्याला बाजारात डायमंड कट म्हणतात, त्याला मूळ रूप देणे कोणत्याही स्प्रेच्या आवाक्यातले नाही. रंगवल्यावर ते चाक चांगले दिसेल, पण डायमंड कट राहणार नाही. तडा गेलेल्या किंवा वाकलेल्या चाकावर पुट्टी भरून रंग चढवणे तर धोक्याचेच आहे.

आता अशी एक गोष्ट, जी डब्यावर लिहिलेली नसते आणि जिच्याकडे हौशी मंडळी हमखास काणाडोळा करतात. चाकाचा जो मागचा सपाट भाग हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, टेकतो, तो आणि नट बसण्याच्या निमुळत्या खोबणी यांवर रंगाचा एकही हात पडता कामा नये. तिथला थर नटांच्या दाबाखाली हळूहळू चेपतो आणि घट्ट आवळलेले नट आपोआप सैल पडतात. हे भाग मास्किंग टेपने झाकावेत, चाक बसवताना मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या ठरावीक जोरानेच) नट आवळावेत आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा तपासावेत. ट्रान्सपोर्ट नगरातल्या टायरवाल्याकडून टायर उतरवून घेता आले तर उत्तमच. नाही तर हवा थोडी कमी करून टायर आणि रिम यांच्या फटीत पत्त्यांच्या कॅटमधले जुने पत्ते ओळीने खोवले की रबरावर रंग जात नाही. आतून चिकटवलेली बॅलन्सिंगची वजने काढली असतील, तर बॅलन्सिंग पुन्हा करून घेणे भाग आहे.

आपल्या हवेत हे काम वर्षभर करता येत नाही, आणि या डब्याची हीच सर्वांत मोठी अडचण वाटते. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो आणि लू सुटते, तेव्हा फवारा चाकापर्यंत पोचण्याआधीच अर्धा सुकतो आणि पृष्ठभाग हाताला खरखरीत लागतो. त्यातच अंगणातली धूळ येऊन बसते. पावसाळ्यात दमटपणामुळे क्लिअरवर दुधाळ साय धरते. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात धातू इतका थंड असतो की हार्डनरची प्रक्रियाच मंदावते. उरतात दसऱ्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंतचे आठवडे, तेही सकाळचे दव उडाल्यानंतर आणि चाक उन्हात न ठेवता. जुन्या वाड्यातला चौक या कामाला फार सोयीचा, कारण तिथे हवा खेळती असते पण वारा थेट अंगावर येत नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत मात्र हे करूच नये, त्याचे कारण पुढे येते.

वापराच्या दृष्टीने डबा चांगला आहे. बुडाची कळ दाबून आतली कुपी फोडायची, दोनेक मिनिटे जोराने हलवायचे आणि मग २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून मारायचे. साध्या डब्यातून गोल ठिपका पडतो, तर यातून बहुधा पंख्यासारखा पट्टा पडतो, त्यामुळे आऱ्यांच्या कडा सारख्या भिजतात. पहिला हात धुक्याइतका हलका, दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा जरा ओला, आणि हवा असल्यास तिसरा. एकाच हातात चमक आणायची घाई केली की ओघळ ठरलेलेच. एका डब्यात चार चाकांच्या दर्शनी बाजू कशाबशा होतात, आतली बाजूही करायची असेल तर दुसरा डबा घ्यावा लागतो. कुपी फोडल्यानंतर मात्र उरलेला डबा ठेवता येत नाही. कंपनीनुसार तो काही तासांपासून फार तर एक-दोन दिवसांपर्यंत चालतो, उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि नंतर आतल्या आत घट्ट होतो. त्यामुळे चारही चाके प्रायमर आणि रंगासह तयार असल्याशिवाय कळ दाबण्यात अर्थ नाही. आज दोन चाके, पुढच्या रविवारी दोन, अशी सवय असणाऱ्यांनी हा डबा घेऊच नये.

हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने श्वसनमार्गाला कायमची ॲलर्जी जडू शकते आणि ती एकदा जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दम्यासारखा त्रास होतो. फ्लॅटच्या बाल्कनीत फवारू नये ते यासाठीच. रुमाल किंवा औषधाच्या दुकानातला कापडी मास्क येथे निरुपयोगी आहे; सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज आणि त्यावर कणरोधक फिल्टर असलेला मुखवटा, बंद गॉगल आणि नायट्राइलचे हातमोजे हवेत. हा खर्च डब्याच्या किमतीत धरूनच हिशेब करावा. तो करायची तयारी नसेल किंवा घरात कोणाला दमा असेल, तर चाके पावडर कोटिंगला देणे शहाणपणाचे. तिथे रंगाची भुकटी साधारण १८० ते २०० अंशांवर भट्टीत भाजली जाते आणि खड्यांचा मार ती घरच्या कोणत्याही स्प्रेपेक्षा चांगला सोसते. टायर मात्र उतरवावेच लागतात.

रंगवलेली चाके दुसऱ्या दिवशी जपून बसवता येतात, तरी थर पूर्ण कडक व्हायला आठवडाभर जातो, आणि तोवर प्रेशरच्या पाण्याने धुणे टाळावे. आठवड्यानंतर क्लिअर मारलेल्या पण सहज न दिसणाऱ्या जागी पेट्रोलचा बोळा हलकेच फिरवून पाहावा; फडक्याला रंग लागला नाही तर प्रक्रिया नीट झाली असे समजावे. पुढे सौम्य शाम्पू पुरतो. काही वॉशिंग सेंटरवर चाके झटपट उजळवण्यासाठी आम्लाचे पाणी मारतात, ते आपल्या गाडीला मारू देऊ नये, आणि लांबच्या प्रवासाहून आल्यावर गरम चाकावर पाणी ओतू नये. दर दोन-तीन महिन्यांनी वॅक्सचा हात दिला तर ब्रेकची काळी भुकटी कमी चिकटते आणि धुताना सहज निघते.

लोखंडी रिमसाठी हा डबा मी निःशंकपणे सुचवीन. साध्या अलॉयसाठी, एच किंवा इपॉक्सी प्रायमर घेणार असाल तरच. खड्याने टवका उडाला तर साध्या रंगाप्रमाणे वरून थोडा स्प्रे मारून भागत नाही, कारण नवा थर जुन्यात मिसळत नाही आणि कडा दिसत राहते. तेवढी जागा घासून, बारीक कुंचल्याने प्रायमर आणि रंग भरून, वर बाटलीतले टू-के क्लिअर त्याच्या हार्डनरसह थोडेसे कालवून लावणे हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय आहे.